मांडणी

आमच्या जुन्या घरी स्वयंपाकघरात भिंतीला लागून एक लाकडी मांडणी होती. खालच्या फळीवर रोजची पातेली, मध्ये वाट्या-ताटं, वर पितळी डबे. संध्याकाळी वीज गेली तरी आजी चिमणी लावायची घाई करत नसे. अंधारात हात घालून ती मोहरी काढायची, मग हिंग, मग हळद. हात कधी चुकला नाही. डबे एकमेकांसारखेच होते. वेगळी होती ती फक्त त्यांची जागा.

गेल्या पावसाळ्यात गिटारच्या पेडलांसाठी घरच्या घरी बोर्ड करायला घेतला आणि ही मांडणी सारखी आठवत राहिली. पाच पेडलं होती: ट्यूनर, फझ, ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि डिले. इतकी वर्षं ती पिशवीतून काढायची, सतरंजीवर पसरायची, वायरींचा गुंता सोडवायचा आणि वाजवून झालं की पुन्हा पिशवीत. रोज नवा डाव मांडायचा आणि रोज मोडायचा. बाजारात तयार बोर्ड मिळतात, चांगलेही असतात. पण कोणतं पेडल कुठे बसणार हे आपण ठरवायचं असेल तर ती जागाही आपल्या हातची असावी, असं मनाने घेतलं होतं.

पॅकिंगच्या खोक्यांतून निघालेल्या पाइनच्या पट्ट्या आणल्या. साठ सेंटिमीटर लांब, बत्तीस खोल, मधोमध चार सेंटिमीटरची फट, म्हणजे वायरी खालून फिरतील. गल्लीतल्या सुतारकाकांकडे कापून घ्यायला गेलो. त्यांनी चित्र पाहिलं आणि एकच विचारलं, "पाय कुठून पडणार, तेवढं सांगा. मग उतार किती ते मी सांगतो." मी त्यांच्यापुढे उभा राहून हवेतच एक काल्पनिक बटण दाबून दाखवलं. त्यांनी माझ्या टाचेकडे पाहिलं, पट्टी लावली आणि मागची बाजू आठ सेंटिमीटर, पुढची तीन अशी खूण केली. मागच्या रांगेतलं पेडल दाबताना पुढच्याला पाय लागू नये, एवढंच त्या उताराचं काम. नऊ अंशांच्या आसपास येतो तो. पुढे कितीतरी बोर्ड पाहिले, सगळ्यांचा उतार थोड्याफार फरकाने तसाच निघाला. माणसाचा घोटा सगळीकडे सारखाच वळतो.

लाकूड तासून, घासून, पॉलिश करून वाळायला आठ दिवस गेले. पावसाळी हवेत पॉलिश बोटाला चिकटत राहतं. मग खरा प्रश्न आला: आधी कोण, मग कोण?

मराठीत 'रामाने रावणाला मारले' म्हणा, 'रावणाला रामाने मारले' म्हणा किंवा 'मारले रामाने रावणाला'. जोर बदलेल, पण मेला तो रावणच. विभक्तीचे प्रत्यय शब्दाला घट्ट चिकटलेले असतात, म्हणून शब्द कुठेही बसला तरी आपलं नातं विसरत नाही. पेडलांना विभक्ती नाही. तिथे नातं ठरवतो तो फक्त क्रम. फझ आधी आणि डिले नंतर असेल, तर चुरडलेला जाड सूर तयार होतो आणि त्याचे प्रतिध्वनी एकेक करून सुटे, स्वच्छ विरत जातात. तीच दोन पेडलं उलटी लावा: आधी प्रतिध्वनी तयार होतात, मग मूळ सूर आणि त्याची सगळी पिल्लं एकत्र फझमध्ये शिरतात आणि चिखल होतो. कोणाला तो चिखलच हवा असतो, आणि त्यातूनही सुंदर काही निघतं. पण ते दुसरं वाक्य असतं.

फझचं आणखी एक गुपित आहे. नियमाप्रमाणे मी ट्यूनर सगळ्यांत आधी ठेवला होता, आणि ज्या फझवर माझा इतका जीव, तो पत्र्यासारखा चिरका वाजू लागला. दोन रात्री तारा बदलून पाहिल्या. शेवटी उमगलं की माझ्या ट्यूनरमध्ये बफर आहे. लांब केबलमध्ये सुराचा वरचा उजाळा मरतो, दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धारिता त्याला गिळत असते, म्हणून बफर तो सूर पुढे सशक्त करून पाठवतो. एरवी हा उपकारच. पण जुन्या पद्धतीच्या फझला गिटारचा पिकअप थेट हवा असतो. दोघांचं एकमेकांशी बोलणं सुरू असतं. गिटारवरचा आवाजाचा खुंटा जरासा मागे घेतला की फझ मवाळ होतो, ते या बोलण्यामुळेच. मध्ये बफर बसला की दुभाष्या आल्यासारखं होतं. शब्द सगळे पोचतात, आर्जव पोचत नाही. फझ पुढे आणला, ट्यूनर मागे सरकवला, आणि खोलीत तो जुना, लोकरीसारखा ऊबदार आवाज परत आला. सगळी यंत्रं तीच, फक्त दोघांच्या जागा बदलल्या.

या फझचा जन्मच एका बिघाडातून झाला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सिंगच्या टेबलातला एक मार्ग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बासचा आवाज फाटका येऊ लागला. तो फाटका तुकडा गाण्यात तसाच ठेवला गेला. त्या वेळचे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट उभं केलं, आणि 1962 मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाची डबी बाजारात आली. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मधून ती जगभर ऐकू गेली. बिघाडाला एक घर मिळालं, दार मिळालं, आणि त्या दाराची कडी पायाखाली आली. हवं तेव्हा उघडा, हवं तेव्हा लावा.

आपल्याकडे हे नवं वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, केसाएवढा पुढे-मागे, आणि एका क्षणी तार उमलते. जवारी खुलते म्हणतात ते हेच. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना या वक्र घोडीचाच विचार केला होता: तार कुठेही छेडली तरी एरवी दबून राहायला हवेत असे स्वरांशही तिच्यामुळे जागे होतात. मिरजेच्या कारागिरांच्या हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ओव्हरड्राइव्हमधले डायोड सुराच्या लाटेचे माथे छाटतात तेव्हा तिथेही नवे स्वरांश जन्मतात. दोन्हींची रीत अगदी वेगळी. पण सरळ, सोज्वळ तारेला किंचित अडवलं की ती श्रीमंत होते, हे दोन्हीकडे सारखं. आणि तो दोरा नेमका कुठे ठेवायचा, ही शेवटी जागेचीच गोष्ट.

जोडणीच्या छोट्या केबली मी स्वतः केल्या. एका रविवारी तपकीर गल्लीतून जॅक आणि कथलाची तार आणली. पंधरा सेंटिमीटरची केबल कापायची, वरचं आवरण सोलायचं, आतली जाळी पिळून एका बाजूला घ्यायची, मधली तार टोकाच्या पट्टीला, जाळी बाहेरच्या पत्र्याला. पत्रा आधी तापवायचा, मग कथील त्याला लावायचं. कथील सोल्डरिंग आयर्नवर वितळवून वरून थापलं तर डाग धरत नाही. नीट झालेला डाग चकाकतो आणि दोन्हीकडे उतरत जातो, पानावर पसरलेल्या थेंबासारखा. फसलेला डाग मळकट, गोळीसारखा बसतो. राळेचा धूर वर आला की मला देवळातल्या धुपाची आठवण येते. आठ जॅक, सोळा डाग. त्यांतले तीन पुन्हा केले.

सगळं जोडून ॲम्प लावला तर आवाजाच्या मागे बारीक शिट्टी आणि तळाशी घुमणारा गुरगुराट. एकाच स्वस्त ॲडॉप्टरवर पाचही पेडलं मी माळेसारखी ओवली होती. डिले डिजिटल, त्याच्या आतल्या घड्याळाची टिकटिक सगळ्यांच्या विजेत मिसळत होती. त्याला वेगळी, सुटी वीज दिली आणि शिट्टी थांबली. गुरगुराट मात्र विजेच्या तारा आणि सुराच्या तारा शेजारी शेजारी झोपल्यामुळे येत होता. त्यांना काटकोनात ओलांडू दिलं तसा तोही ओसरला. आपल्या विजेचा गुरगुराट पन्नास हर्ट्झचा, गिटारच्या सर्वांत जाड तारेच्याही खाली, पाश्चात्त्य मोजणीतल्या 'जी'पेक्षा किंचित चढा. अमेरिकेत तो साठ हर्ट्झचा. प्रत्येक देशाच्या भिंतीत एक षड्ज लपलेला आहे, हे त्या रात्री बोर्डाखाली आडवं पडून तारा सारताना जाणवलं, आणि नंतर किती तरी वेळ मी तो नुसता ऐकत राहिलो.

लंडनच्या पीट कॉर्निश यांनी 1970 च्या दशकात पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरसाठी बोर्ड बांधले, ते पेडलं डब्यांतून काढून, सर्किटं एकाच पेटीत बसवून. मी तेवढा धीट नाही. माझी पेडलं वेल्क्रोवर बसली आहेत. उद्या क्रम बदलावासा वाटला तर उचलता येतील. वेल्क्रोची कल्पना जॉर्ज द मेस्त्राल यांना 1941 मध्ये सुचली, शिकारीहून परतताना कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी फळांवरून. माळावरून चालून आलं की धोतराच्या सोग्याला कुसळं लागतात, तसाच तो धरतो: घट्ट, पण कायमचा नव्हे.

एक गोष्ट मात्र मनात अडकून होती. वाद्याला पाय लागला तर आपण हात लावून तो हात कपाळाला नेतो. आणि इथे तर सगळा खेळच पायाचा. संगीत नाटकांतला ऑर्गनवाला पायाने भाता मारायचा, हे मी स्वतःला समजावत होतो, पण ते पुरत नव्हतं. खंडेनवमीला आईने पाट मांडला. पुस्तकं, गिटार, तिचं शिवणयंत्र. मी बोर्ड दाराशीच ठेवला होता.

"तो का बाहेर?" तिने विचारलं.

"आई, त्याला पाय लावतात गं."

"माझ्या मशीनलाही मी पायच लावते," ती म्हणाली आणि वाकून शिवणयंत्राच्या पायडलाला हळदकुंकू लावलं. मग बोर्ड उचलून पाटाशेजारी ठेवला, ओल्या फडक्याने पुसला आणि डावीकडून एकेका पेडलाला बोट टेकवत गेली. फझला, ट्यूनरला, पाचही जणांना. झेंडूचं एक फूल तिने मधल्या फटीत खोचलं, जिथून वायरी जातात.

दसऱ्याच्या संध्याकाळी पूजा उतरल्यावर मी दिवे न लावताच गिटार घेतली आणि चपला काढल्या. अंधारात अंगठा पुढे केला. फझ जागेवरच होता.