माळेचे कोंदण

लग्नसराईत कोहमाऱ्याहून गोंदियाला दागिने घ्यायला जाणाऱ्या माउलींनी एक ध्यानी ठेवावे. हॉलमार्कचा ९१६ आकडा सांगतो, की हजारांत ९१६ भाग सोने आहे. खड्याविषयी तो काहीच बोलत नाही. म्हणून पावतीवर सोन्याचे व खड्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. कोंदणही पाहावे. मागून उघड्या कोंदणात खड्याचे पाणी दिसते. बंद कोंदणात पाठीशी चकचकीत वर्ख असतो, फिका खडाही उजळतो. ही कारागिरीच, पण वर्ख लपवून मोल सांगणे ही लबाडी.

माळ-बुक्का हे वारकऱ्याचे कोंदण. त्यावरून आतल्या भावाची हमी मिळते का? संत नरहरी सोनार सोन्याचे पारखी, शिवाचे निस्सीम भक्त. विठ्ठलाचा करगोटा त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा मापात चुकला, असे परंपरा सांगते. डोळे बांधून चाचपले तेव्हा शिवाच्या खुणा हाताला लागल्या. पट्टी काढली तर समोर विठ्ठल! सोन्यात खोट नव्हती, मनात भेद होता. तो गेला आणि माप जुळले.

म्हणून माळ मिरवू नये, टाकूही नये. तिचे कोंदण मागून उघडे ठेवावे. दिंडीत जसे, तसेच घरात आणि तराजूपाशी वागावे. लोक दर्शनी बाजू पाहतात, पांडुरंग पाठची.

रामकृष्णहरी.