आत्याला न कळवता

मुंबईला जाणे आणि मुंबई पाहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला लग्नानंतर चौतीस वर्षांनी कळले. कळले म्हणजे आमच्या हिने कळवले.

"आपण मुंबईला आजवर किती वेळा गेलो असू हो?" एका सकाळी भाजी निवडता निवडता तिने विचारले.

"शंभरदा तरी."

"मग गेट वे ऑफ इंडिया शेवटचा कधी पाहिलात?"

मी पेपरात डोके घातले. गेट वे मी चौथीच्या सहलीत पाहिला होता आणि त्यातले फक्त माझी चप्पल हरवल्याचे आठवत होते. पुण्याच्या माणसाची मुंबई म्हणजे मंगल कार्यालये, बारशी, इस्पितळे आणि बाराव्या-तेराव्याची जेवणे. दादरला उतरायचे, कार्य उरकायचे आणि संध्याकाळची गाडी पकडायची. मुंबईतल्या यच्चयावत नातेवाइकांच्या बाहेरच्या खोल्या आम्ही पाहिल्या होत्या. त्या खोल्यांच्या बाहेर काय आहे ते पाहायचे राहून गेले होते. आणि गंमत म्हणजे कोणी विचारले की दोघेही सांगायचो, "आमचं आवडतं शहर? मुंबई!"

तेव्हा ठरले. रविवारी सकाळी निघायचे, मंगळवारी संध्याकाळी परत. चांगल्या लॉजमध्ये उतरायचे, चार पैसे खर्च करायचे आणि परदेशी पाहुण्यांसारखे गावभर हिंडायचे. अट एकच. नातेवाइकांपैकी कोणालाही कळवायचे नाही.

इथे नीतिशास्त्र सुरू होते.

ठाण्याचा चुलतभाऊ आणि बोरिवलीचा मेहुणा यांचा प्रश्न नव्हता. आम्ही आल्याचे न कळवणे म्हणजे त्यांच्यावर उपकारच. प्रश्न गिरगावातल्या आत्याचा होता. माझी ही एकुलती एक आत्या, वय वर्षे शहाऐंशी. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. जिन्याचे आणि तिच्या गुडघ्यांचे पटत नसल्यामुळे हल्ली खाली उतरत नाही. शाळेत असताना माझी प्रत्येक मे महिन्याची सुट्टी याच दोन खोल्यांत गेली. आत्याला कळवले असते तर ती "इथंच उतरा" म्हणाली असती. मग सकाळी पोहे, दुपारी साग्रसंगीत जेवण, चारला चहा, रात्री कोण कोण वारले त्याची उजळणी, आणि तिसऱ्या दिवशी गाडी. मुंबई पुन्हा खिडकीबाहेरच!

"सांगायचं नाही म्हणजे खोटं बोलायचं, असं नाही," ही म्हणाली. "कोणी विचारलं तर खोटं बोलणं आलं. कोणी विचारतच नाहीये."

युक्तिवाद मला पटला. म्हणजे पटवून घेतला. रात्री मात्र झोप येईना. महाभारतातल्या धर्मराजाने तरी कुठे खोटे सांगितले होते? अश्वत्थामा मेला हे त्याने मोठ्याने सांगितले आणि मेलेला अश्वत्थामा हत्ती होता एवढे हळूच पुटपुटला. तरी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकलाच. आम्ही तर हत्तीही पुटपुटणार नव्हतो. जर्मनीत कांट नावाचा एक थोर तत्त्वज्ञ होऊन गेला. दाराशी मारेकरी येऊन "तुमचा मित्र घरात आहे का?" असे विचारू लागला तरी खोटे बोलू नये, असे त्याने १७९७ साली लिहून ठेवले आहे. पण हा गृहस्थ आपले केनिग्सबर्ग गाव सोडून जन्मात कधी फार लांब गेला नाही, शिवाय अविवाहित. बायकोला घेऊन दोन दिवस हिंडायला निघाला असता आणि वाटेत आत्याचे घर लागले असते, म्हणजे त्याचे तत्त्वज्ञान किती टिकले असते, ते पाहायला हवे होते.

रविवारी डेक्कन क्वीनने निघालो. ही गाडी १९३० सालापासून पुणेकरांना मुंबईला नेऊन आणते आहे आणि त्यातले बहुतेक नातेवाइकांकडेच जात असणार, असे डब्यातल्या पिशव्यांवरून वाटले. आमच्याकडे पिशवी नव्हती, बाकरवडीचा पुडाही नव्हता. चोरासारखे वाटत होते.

गेट वे मात्र छान आहे! पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली मुंबईला आला त्याच्या आठवणीसाठी ही कमान बांधली आणि ती पुरी होऊन उघडली १९२४ साली. म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दार तयार! पुढे १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढली. दार बांधले येण्याच्या नावाने, खरे कामास आले ते जाण्याच्या वेळी.

"उद्या घारापुरी," मी तिथल्या नावाड्याकडे बघून रुबाबात म्हणालो.

"उद्या सोमवार. लेणी बंद," तो म्हणाला.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हने चालत चौपाटीला आलो. दिव्यांचा राणीचा हार लागला होता. वाळूत बसून भेळ खाल्ली, वर कुल्फी. आता चौपाटीपासून आत्याची चाळ चालत दहा मिनिटांवर. आम्ही दोघेही समुद्राकडे तोंड करून बसलो होतो, ते सूर्यास्तासाठी असे मी म्हणेन. पण सूर्य बुडून अंधार पडला तरी आम्ही मान वळवली नाही.

सोमवारी लेणी बंद म्हणून राणीच्या बागेत गेलो. त्यात तर्क होता. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटले ते तिथल्या दगडी हत्तीवरून, आणि तो हत्ती आता बेटावर नाहीच. इंग्रज १८६४ साली त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलता उचलता तो फुटला, आणि सांधून जोडलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. काळ्या घोड्याचीही तीच कथा. फोर्टातल्या त्या चौकातला घोडा, वरच्या राजपुत्रासकट, १९६५ साली इथे आणून ठेवला. चौकाला मात्र लोक काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, या खेपेला स्वाराविना.

त्या दगडी हत्तीपुढे मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन. "काय झालं?" हिने विचारले.

"काही नाही. धर्मराजाची आठवण झाली."

दुपारी फोर्टात आलो आणि राजाबाई टॉवरने पुरता घात केला. मुंबई विद्यापीठाचा हा मनोरा २८० फूट उंच, १८७८ साली पुरा झालेला. त्याचा आराखडा करणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही. त्याने लंडनमध्ये बसून मनोरा काढला. (मुंबई न पाहता मुंबईवर प्रेम करणारे आम्ही पहिले नव्हे, हे पाहून बरे वाटले.) पैसे दिले कापसाच्या व्यापारातले राजे प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिले आईचे. असे सांगतात की राजाबाई डोळ्यांनी अधू होत्या. जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा नेम. कोणाला न विचारता वेळ कळावी म्हणून मुलाने मनोऱ्यावर घड्याळ बसवले. त्याच्या टोल्यांवर त्या जेवायला बसत.

ही गोष्ट मी हिला मोठ्या रंगात सांगितली. सांगून संपल्यावर दोघेही गप्प झालो. एका माणसाने म्हातारीला वेळ कळावी म्हणून मनोरा उभारला, आणि आम्ही म्हातारीला वेळ द्यावा लागू नये म्हणून चौपाटीवर पाठ करून बसलो होतो.

"उद्या सकाळी जाऊ या आत्यांकडे," ही म्हणाली.

"आणि सांगायचं काय?"

"आजच आलो म्हणायचं. त्यांना वाईट वाटायला नको."

पाहा! दोन दिवस आम्ही नुसते गप्प होतो. आता चांगुलपणा सुचला आणि त्याबरोबर पहिले खरे खोटे सुचले.

मंगळवारी साडेदहाला तीन जिने चढून धापा टाकत दारात उभे राहिलो. आत्या गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "आलास का? ये. चप्पल आत काढ, इथनं जातात." मग चष्म्यातून दोघांकडे बघत तिने विचारले, "आजच आलात वाटतं?"

"हो, आजच. सकाळच्या गाडीनं," मी म्हणालो.

आमच्या हिने माझ्या पायावर पाय दिला. सकाळची डेक्कन क्वीन तेव्हा अजून व्हीटीलाही पोचली असेल-नसेल. आत्या काही बोलली नाही. "दमला असाल, पाणी घ्या," एवढेच म्हणाली.

पानावर बसलो. वरण-भात, पोळ्या, काकडीची कोशिंबीर आणि वालाचे बिरडे. लहानपणी मी ज्याच्यासाठी जीव टाकायचो ते बिरडे! मी दोनदा मागून घेतले. ही मात्र पहिल्याच घासाला थांबली. तिने माझ्याकडे असे पाहिले की माझा हात ताटातच राहिला. मला काही उमगेना. निघताना आत्याने हिच्या हातावर नारळ आणि माझ्या हातावर लहानपणासारखे दहा रुपये ठेवले. "मुंबईत आलात तर चार गोष्टी बघाव्यात," ती म्हणाली. "माझ्याकडे उतरलं की काही बघणं होत नाही. तो खालचा मुलगा सांगत होता, चौपाटीवर हल्ली गर्दी फार असते म्हणून."

गाडी कल्याण सोडेपर्यंत ही गप्प होती.

"तुम्हाला बिरड्यातलं काय कळतं?" एकदम तिने विचारले.

"चव कळते."

"वाल रात्री भिजत घालावे लागतात. दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधून ठेवायचे, मग मोड येतात. मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. आज दुपारी बिरडं खायचं तर वाल रविवारी रात्री भिजायला हवेत."

रविवारी रात्री आम्ही कुल्फी खात होतो.

म्हणजे खालच्या मुलाने वर जाऊन सांगितले, आणि आत्याने उठून वाल भिजत घातले. सोमवारी दिवसभर ती गॅलरीत बसून होती आणि तिने आम्हाला फोन केला नाही. माझा नंबर तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. तिला नुसते विचारायचे होते, "कुठं आहेस?" आणि मी तेव्हाच खोटे बोललो असतो, नाही तर धावत गेलो असतो. तिने ते विचारलेच नाही. मंगळवारी विचारले तेही असे, की मला लपायला जागा मिळावी.

आम्हीही गप्प बसलो, तीही गप्प बसली. बाहेरून दोन्ही सारखेच. पण आम्ही आमचे दोन दिवस वाचवायला गप्प बसलो होतो, आणि तीही आमचेच दोन दिवस वाचवायला. न सांगणे हे पाप की पुण्य, हे मला वाटते बोलण्या-न बोलण्यावरून ठरत नसावे; कोणासाठी गप्प बसलात, यावरून ठरत असावे. कांटला हे पटणार नाही. पण त्याने बिरडे खाल्लेले नव्हते.

"आणि आपण आज गेलोच नसतो तर?" ही म्हणाली.

मला उत्तर सुचले नाही. शहाऐंशी वर्षांच्या बोटांनी सोललेले वाल माझ्या डोळ्यांपुढे आले. दोन माणसांना पुरून उरतील इतके.

घारापुरी अजून पाहायची आहे. या खेपेला आत्याला आधी कळवणार आहे. म्हणजे असे सांगणार आहे, की आम्ही अमुक दिवशी येतोय, लॉजमध्ये उतरतोय, आणि शेवटच्या दिवशी जेवायला तुझ्याकडे. हे इतके सोपे वाक्य आधी का सुचले नाही, याचा विचार मी सध्या करतो आहे. ही म्हणते, "विचार नंतर करा, आधी फोन करा. वाल भिजायला दोन दिवस लागतात."