ज्ञाना रेडा आणि जिम घोडा

वारकरी सज्जनहो, पैठणची कथा आपण कीर्तनांतून किती वेळा ऐकली असेल! श्रीज्ञानोबारायांनी रेड्याच्या मस्तकी हात ठेवला, त्याच्या मुखातून वेद निघाले, येथे टाळ-मृदंगाचा गजर होतो आणि आपण माना डोलावतो. पण त्याच्या आधीचा प्रसंग आपण घाईने ओलांडतो. रेड्याचे नावही ज्ञाना, मग तू आणि तो एकच काय, अशी टवाळी करून कोणी त्या मुक्या जिवावर आसूड ओढला आणि वळ उठले ते माउलींच्या पाठीवर. आम्हांला विचाराल तर खरा वेद तेथेच प्रकटला.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे सातासमुद्रांपलीकडची एक हकीकत. अमेरिकेत टेनेसी राज्यात शेल्बीव्हिल हे गाव आहे. तेथे विल्यम की नावाचा एक काळा गृहस्थ राहत असे. जन्म १८३३ चा, आणि तोही गुलामगिरीत. स्वतःच्या देहावर स्वतःची मालकी नाही, मग शाळा कुठली? तरी जनावरांची दुखणी पाहता पाहता तो आपला आपणच गुरांचा वैद्य झाला. गुलामगिरी सुटल्यावर त्याने औषधी तेल विकून चार पैसेही गाठीला बांधले. १८८९ साली त्याच्या घोडीला शिंगरू झाले, ते इतके अशक्त की पाय धड टेकेनात. गावातल्या एका दारुड्याच्या झुलत्या चालीवरून त्याचे नाव जिम ठेवले, असे सांगतात. थट्टेचे नाव! आपल्या ज्ञानाशी त्याचे हेही एक नाते.

असले पिल्लू कोणी पोसले नसते. कीने पोसले. औषध केले, शिकवले, आणि शिकवताना चाबूक हाती धरला नाही. ज्याने माणसांवर चाबूक चालताना पाहिला, त्याला जनावरावर तो उगारवला नाही, यात नवल ते काय?

हा जिम अक्षरे ओळखी, बेरजा करी, नाव लिहिलेले पत्र नेमके उचलून देई. १८९७ साली नॅशव्हिलच्या प्रदर्शनात अध्यक्ष मॅकिन्ले यांनी त्याचा खेळ पाहिला. १९०४ साली सेंट लुईच्या जागतिक प्रदर्शनातही तो होता. त्याला खरेच गणित येई की धन्याची खूण कळे, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. आम्हांला त्यात गोडी नाही. आम्हांला मोल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. प्राण्यांवरील क्रौर्य थांबवणाऱ्या दयाधर्म संस्था तेव्हा त्या देशात गावोगाव काम करीत होत्या. जिमच्या खेळांनी त्यांना बळ दिले. खेळ पाहून मुले मुक्या प्राण्यांशी दयेने वागण्याची प्रतिज्ञा करीत. अशा मुलांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली, असे सांगितले जाई. एरवी मारून टाकण्याजोगे ठरलेले ते शिंगरू, बरे का!

आता पुढचे नीट ऐका. १९०६ साली जिमचे खेळ बंद झाले. कमाई थांबली म्हणून त्याला कोणी बाजार दाखवला नाही. तो शेल्बीव्हिललाच राहिला. १९०९ साली की वारला, जिम १९१२ पर्यंत जगला. इकडे जुन्नर तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे, पुष्कळांनी दर्शन घेतले असेल. वेद बोलून झाल्यावर रेड्याला पैठणलाच टाकून भावंडे निघून गेली नाहीत. तो त्यांच्याबरोबर चालला, आळ्यास शांत झाला, आणि त्याला मनुष्यासारखी समाधी मिळाली.

मग आपण काय करतो? पालखीच्या रथाला ज्याची बैलजोडी लागते, त्या घराला केवढा मान! शिंगांना रंग, अंगावर झूल, पायांवर पाणी. रिंगणात अश्व धावला की टापांखालची माती आपण कपाळी लावतो. चांगलेच आहे. पण त्याच घरच्या गोठ्यात दुसरा एखादा थकलेला बैल असतो, खांदा आलेला, दात पडलेला. ट्रॅक्टर आल्यापासून तर धडधाकट बैलालाही काम उरले नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून कायद्याने बैलाची कत्तल बंद आहे. पण कायदा काही वैरण टाकायला येत नाही हो! दुष्काळात कडबा विकत घेणाऱ्या गरीब शेतकऱ्याला नुसता दयेचा उपदेश करणे सोपे. तो आम्ही करणार नाही. मात्र दिंडीची भिशी ठरते तेव्हा विणेकऱ्यांनी आणि चालकांनी एवढे बोलून पाहावे, की जेवणावळीच्या एका पंगतीचा खर्च जवळच्या पांजरपोळाला कडब्यासाठी देता येईल का. आणि दिंडीतल्याच एखाद्या वारकऱ्याच्या दावणीला म्हातारा बैल असेल, तर पहिली गाडी त्याच्या दारी उतरवावी.