अक्षरांवर अधिकार कोणाचा?

नवें पुस्तक निघालें म्हणजे त्यावर अभिप्राय लिहिले जातात, नवें नाटक आलें म्हणजे घरोघरीं त्याची चर्चा होते. परंतु मुद्राक्षरांचा नवा संच प्रसिद्ध झाला तर त्याची वार्ताहि बहुतेकांच्या कानीं पडत नाहीं. आणि तरी गेल्या दहापंधरा वर्षांत देवनागरीला एकामागून एक नवीं वळणें लाभलीं आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीनें 'मुक्त' हा साधा व सुवाच्य संच काढला. 'मोदक' नांवाचा दुसरा काढला तो इतका गुबगुबीत कीं, अक्षरांच्या पोटांतील मोकळी जागा केवळ रेघेपुरती उरली. आणि 'जैनी' हा संच कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्यांच्या वळणावर बेतला. कॅनडांतील 'टायरो' संस्थेनें तर देवनागरीचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन निरनिराळे संच दिले. हे सर्व विनामूल्य मिळतात. त्यांतील सौंदर्याची पारख जाणत्यांनीं करावी. आम्हांस त्याच्या आधींचा एक प्रश्न विचारावयाचा आहे. एका माणसानें आपल्या मेजावर बसून कोट्यवधि लोकांच्या 'ल'चें रूप ठरवावें, हा अधिकार त्यास कोणीं दिला?

रहिमतपूरसारख्या गांवच्या पेठेंत पूर्वीं पाटी रंगविणारा पेंटर आपल्या हातानें 'ल' काढी. त्याचें वळण डौलदार असो कीं वेडेंवांकडें, तें त्या एका दुकानाच्या कपाळीं लागे. शेजारचा दुकानदार दुसऱ्याकडून पाटी करून घेण्यास मोकळा असे. आज तोच फलक संगणकावर तयार होऊन फ्लेक्सवर छापला जातो. त्यावरील 'ल' कसा असावा हें दुकानदारानें ठरविलेलें नसतें आणि छापणारानेंहि नसतें. तें दूर कोठें तरी, कदाचित् वीस वर्षांपूर्वीं, ठरून गेलेलें असतें. लिहिणारा स्वतःपुरती निवड करतो, अक्षर घडविणारा सर्वांकरितां निवड करतो, आणि ज्यांच्याकरितां ती होते त्यांना निवड झाली याचीहि गंधवार्ता नसते. हा प्रश्न केवळ कारागिरीचा नसून नीतीचा आहे असें आम्ही म्हणतों, तें यामुळेंच.

ही सत्ता नवी नव्हे. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ सालीं निघाला. राणोजी रावजी आरू यांनीं त्याच्यासाठीं कोरलेल्या अक्षरांनीं पुढें कित्येक पिढ्यांची दृष्टि घडविली. शुद्ध नागरी म्हणजे तीच, असें पंडितांस वाटूं लागलें. परंतु धातूच्या खिळ्यांत देवनागरी बसविणें फार कष्टाचें होतें. वर वेलांटी, मात्रा, रफार, खालीं उकार, शिवाय जोडाक्षरें. रोमन लिपीचें काम थोडक्या खिळ्यांत भागे, तेथें नागरीस शेंकड्यांनीं खिळे लागत, आणि जुळाऱ्याचा हात अर्धा दिवस खणाखणांतून फिरत राही. म्हणून सुधारकांनीं यंत्राकडून लिपीकडे मोर्चा वळविला. लोकमान्यांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग केला. सावरकरांनीं 'अि, अी, अु' अशी 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली आणि किर्लोस्करवाडीच्या मासिकांनीं ती प्रत्यक्ष छापून दाखविली. साताऱ्यांत जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९३५ सालच्या लिपिसुधार समितीचे अध्वर्यु होते, आणि त्यांचाहि कल याच बाराखडीकडे होता. पुढें १९५३ सालीं लखनौच्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेली.

या मंडळींची थट्टा करणें सोपें आहे. आम्हांस ती करवत नाहीं. छपाई स्वस्त व्हावी, पुस्तक गरिबाच्या हातीं पडावें, हा त्यांचा हेतु होता. ज्या मुलास पुस्तक विकत घेतां येत नाहीं त्याच्यासाठीं एक वेलांटी इकडची तिकडे केली तर तो अपराध कसा म्हणावा? शिवाय त्यांनीं जें केलें तें चव्हाट्यावर केलें. लेख लिहिले, सभा भरविल्या, टीका सोसली. लखनौची वेलांटी लोकांच्या गळीं उतरली नाहीं आणि थोड्याच वर्षांत ती मागें घ्यावी लागली. लोकांना 'नको' म्हणतां आलें, ही गोष्ट आम्हांस त्या वेलांटीहून अधिक मोलाची वाटते.

संगणक आल्यावर यंत्राची सबब संपली. हवीं तितकीं जोडाक्षरें आतां खर्चावांचून मांडतां येतात. तरीहि मराठीचा 'ल' आणि 'श' बदलले, आणि या वेळीं कोणीं परिषद भरविली नव्हती. बहुतेक संचांत आपोआप उमटतात तीं हिंदी वळणाचीं रूपें. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें पाकळीचा 'ल' व देठाचा 'श' हींच मराठीचीं रूपें म्हणून सांगितलीं. कित्येक संचांत तीं असतातहि. परंतु मजकूर मराठीचा आहे असें यंत्रास आधीं सांगावें तेव्हां तीं बाहेर येतात. आणि हें सांगावें लागतें, याचीच पुष्कळांस माहिती नाहीं. मुलगा शाळेच्या पाटीवर एक 'ल' गिरवितो आणि घरीं वडिलांच्या फोनवर दुसरा वाचतो.

यावर कोणी म्हणेल, दोन्ही 'ल' सारखेच वाचले जातात, मग एवढा आक्रोश कशाला? हा आक्षेप रास्त आहे. 'ल'च्या पाकळींत संवयीचा भाग मोठा, अर्थाचा कांहींच नाहीं. आणि संवयी बदलतात. परंतु सर्वच भेद असे निरुपद्रवी नसतात. 'आचार्यांना जेवण दिलें' आणि 'आचाऱ्यांना जेवण दिलें' यांत पंक्तीला बसणारा आणि पंक्तीसाठीं रांधणारा इतका फरक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' तर साताऱ्याच्या माणसास सांगावयास नकोत. रहिमतपूरहून गाडींत बसून दक्षिणेस गेलें कीं जें मोठें गांव लागतें त्याचें जुनें नांव 'कऱ्हाड'. तो अर्धा 'र' ज्या संचांत धड उमटत नाहीं, त्यांत त्या गांवाला आणि 'कऱ्हाडे' आडनांवाच्या माणसाला स्वतःचें नांव लिहितां येत नाहीं. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्यें स्वतंत्र स्थान मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें. जेथें भाषेचा भेद बुडतो तेथें अक्षरकारास सोयीची सबब सांगतां येणार नाहीं. जेथें केवळ डोळ्यांची संवय दुखावते तेथें त्यास पुष्कळ मोकळीक असावी, मात्र निवड वाचकाच्या हातीं ठेवावी. टायरोच्या मंडळींनीं मराठीचा संच निराळाच काढला, तो आम्हांस म्हणूनच सरळ व्यवहार वाटतो.

परंतु दोष परक्यांच्या माथीं मारण्यापूर्वीं मोडीची आठवण करावी. केरीचा मराठी कोश १८१० सालीं श्रीरामपुरास मोडीच्या खिळ्यांनीं छापला गेला. म्हणजे मोडी छापतां येत नव्हती असें नव्हे. पण धांवत्या हाताची ती लिपि खिळ्यांच्या चौकटींत अवघडली, छापखान्यांनीं बाळबोध पत्करली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनहि गेली. ही निवड कोणा परकी कंपनीनें केली नाहीं. ती आपणच, सोय पाहून, केली. परिणाम असा झाला कीं, साताऱ्याच्या गादीशीं ज्यांचा संबंध आला अशा या मुलखांतील घराण्यांच्या वंशजांस पणज्याचें पत्र उघडून त्यांत देणें आहे कीं घेणें, एवढेंहि कळत नाहीं. २०१४ सालीं मोडीला युनिकोडमध्यें जागा मिळाली. मोडीचे संचहि आतां फुकट उतरवून घेतां येतात. कागद वाचून देणारा मात्र शोधावा लागतो, आणि तो दर पानामागें पैसे आकारतो.