अन्न, मन आणि मी

उद्दालक आरुणीने आपल्या विद्वान पुत्राला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहावयास लावून मग वेद म्हणावयास सांगितले, तेव्हा त्याला काहीच स्फुरेना. अन्नाच्या सूक्ष्म अंशापासून मन घडते याचा दाखला म्हणून छांदोग्योपनिषदात हा प्रसंग आला आहे. ऋषींना आतड्यांतले सूक्ष्मजंतू ठाऊक होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तसल्या दाव्यांनी त्यांच्या चिंतनाचा गौरव होत नाही. परंतु मन हे देहाच्या कारभाराचे स्वतंत्र मुखत्यार आहे काय, हा प्रश्न कंपवाताच्या संशोधनाने आज नव्याने उपस्थित केला आहे.

1817 मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सनने या व्याधीचे वर्णन लिहिले, त्यातच बद्धकोष्ठाची नोंद आहे. कित्येक रोग्यांत तर ते कंपाच्या अनेक वर्षे आधी सुरू होते. 2003 मध्ये जर्मनीच्या हायको ब्राक यांनी असा तर्क मांडला की, अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाची विकृती आतड्याच्या मज्जाजालात उगम पावून व्हेगस नाडीच्या वाटेने मेंदूपर्यंत चढत असावी. 2016 मध्ये कॅलिफोर्नियात सार्कीस मझमानियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन अधिक निर्माण करणारे उंदीर जंतुरहित वाढविले, तेव्हा त्यांची हालचाल बरीच शाबूत राहिली. रोग्यांच्या आतड्यांतील जंतू त्यांच्यात सोडताच ती खालावली. याहूनही मला विलक्षण वाटते ती 2019 मधील निष्पत्ती: मेंदूसाठी घेतलेल्या लेवोडोपा या औषधाचा काही अंश, राजधानीकडे निघालेल्या मालावर वाटेतल्या नाक्याने जकात घ्यावी तसा, एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू आतड्यातच खर्ची घालतो.

ज्या धैर्याला, चापल्याला, प्रसन्नतेला आपण स्वकष्टार्जित मालमत्ता समजतो, तिच्यात या अगणित सहवासी जीवांचाही हिस्सा असेल, तर 'मी' म्हणजे नेमके कोण? मला वाटते, या परावलंबनाने 'मी' खोटा ठरत नाही, त्याची एकाकी सत्ता मात्र खोटी ठरते. यांतले कित्येक जीव आपल्याला जन्मकाळी मातेकडूनच लाभलेले असतात.

उंदरांवरून माणसाविषयी निवाडा देणे आज घाईचे होईल, आणि ही घाई निरुपद्रवी नाही. आतड्याचा संबंध कळल्याबरोबर, हे त्याच्या कुपथ्याचेच फळ, असे रोग्याच्या अंथरुणाशी बसून बोलणारे आप्त निघतात. ज्या मुलखावर त्याच्या इच्छेचा अंमल पुरता कधी चाललाच नाही, तेथील बिघाडाचा जाब, हातातला पेलाही स्थिर धरू न शकणाऱ्या त्या माणसाला विचारणे मला घोर अन्यायाचे वाटते.