शहात्तर हजारांचा काळोख

कुठलीही वस्तू विकत घेताना ‘घ्यावी की न घ्यावी’ हा प्रश्न मध्यमवर्गीय माणसाला फारसा छळत नाही. न घेण्याची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. एकदा घ्यायचे ठरले की खरा छळ सुरू होतो; कारण दुकानात त्या वस्तूच्या शेजारी तिच्याहून थोडी बरी आणि बरीच महाग अशी दुसरी वस्तू हटकून ठेवलेली असते. जगातले निम्मे तत्त्वज्ञान या दोन वस्तूंच्या मधल्या जागेत उभे आहे, असे माझे नम्र मत आहे. उरलेले निम्मे लग्नानंतर सुचते.

आमच्या बाबतीत ही मधली जागा नेमकी ७६,००० रुपयांची होती. घरातला ३२ इंची टीव्ही बारा वर्षे इमानेइतबारे नोकरी करून निवृत्त झाला. मार्च २०२४ मध्ये बँकवाल्यांचा वेतन करार झाला, त्याच्या थकबाकीची मी ठेव करून ठेवली होती. टीव्हीची मुदत आणि ठेवीची मुदत २०२५ च्या एकाच दिवाळीत संपली. याला योगायोग म्हणतात. घरातली मंडळी याला शुभसंकेत म्हणत होती.

दुकानात ५५ इंची दोन टीव्ही शेजारी शेजारी टांगलेले. एक ४२,००० रुपयांचा एलईडी, दुसरा १,१८,००० रुपयांचा ओएलईडी. पहिल्यासमोर उभा होतो तोवर विक्रेता मुलगा मला ‘काका’ म्हणत होता. दोन पावले उजवीकडे सरकलो, तसा मी ‘सर’ झालो.

“सर, दोन्हीत फरक म्हणाल तर काळ्याचा.”

“काळ्याचा म्हणजे?”

“ब्लॅक, सर. त्या टीव्हीतला काळा हा खरा काळाच नाही.”

मुलगा हुशार होता. त्याने समजावून सांगितले आणि ते खरेही आहे. साध्या टीव्हीत पडद्यामागे दिवा सतत जळत असतो. जिथे काळे दाखवायचे तिथे त्या दिव्यापुढे झडप लागते. पण झडप ती झडपच, फटीतून थोडा उजेड झिरपतो आणि काळ्याचा करडा होतो. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा स्वतः जाळतो, आणि काळे दाखवायचे असले की तो चक्क विझतो. म्हणून तिथला काळा म्हणजे अस्सल काळा.

म्हणजे माझ्याकडे मागितले जाणारे ७६,००० रुपये उजेडाचे नव्हतेच. ते काळोखाचे होते. आमच्या लहानपणी डोंबिवलीत वीज गेली की हा माल घरपोच आणि फुकट मिळत असे.

“शिवाय सर, २२ सप्टेंबरपासून जीएसटी २८ चा १८ झालाय. हाच पीस आधी १,२८,००० चा होता. तुमचे सरळ १०,००० वाचतात.”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. १०,००० रुपये वाचवण्यासाठी १,१८,००० खर्च करावे लागतात, हा हिशेब मी कुठल्याही पुस्तकात शिकलो नव्हतो. माझा चेहरा बघून त्याने दुसरा हिशेब मांडला. “आठ वर्षं टीव्ही चालला असं धरा, सर. जास्तीचे पैसे दिवसाला पडले फक्त २६ रुपये.”

भागाकार बरोबर होता. पण मी बँकेतला माणूस आहे, भागाकाराची ही शक्ती मी रोज बघतो. दिवसांनी भागले की जगातली कुठलीही गोष्ट स्वस्त होते. माझ्या मनात मात्र आमच्या धंद्यातला उलटा हिशेब चालला होता. ७६,००० रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे व्याज ४,९४० रुपये; म्हणजे दिवसाला साडेतेरा. मुद्दलाला हात न लावता रोज एक कटिंग चहा, तहहयात. एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला काळोख!

इथे मला मार्शलसाहेब आठवले. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली अर्थशास्त्राची तत्त्वे सांगणारा जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत बी. कॉम. ला आम्हांला दहा मार्कांना असे. भुकेल्या माणसाला पहिला लाडू अमृत, दुसरा गोड, तिसरा ठीक, चौथ्याला हात आडवा. टीव्हीच्या बाबतीत पहिल्या ४२,००० रुपयांत सगळे मिळते: चित्र, आवाज, बातम्या, क्रिकेट आणि सासूसुनांची भांडणे. पुढचे ७६,००० हा चौथा लाडू. गंमत अशी, की सर्वांत जास्त किंमत त्याचीच लावलेली असते.

विज्ञानही माझ्याच बाजूने निघाले. ६/६ नजरेच्या माणसाला एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंतचे बारकावे वेगळे दिसतात. ५५ इंची पडद्यावर साध्या एचडीचे ठिपके सुमारे २० लाख आणि फोर-केचे सुमारे ८३ लाख. पण कागदावर गणित मांडले तर सात फुटांच्या पलीकडून एचडीचेच ठिपके वेगळे दिसेनासे होतात. आमचा सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर. म्हणजे ८३ लाखांतले निदान ६० लाख ठिपके आमच्या घरी बिनकामाचे बसून राहणार. एवढी माणसे रिकामी बसवून ठेवायला मी काही सरकारी खाते नव्हे.

राहिला काळोख. तो दिसायला हवा तर खोलीतही काळोख हवा. ट्यूबलाइटचा उजेड काचेवर पडला की कितीही अस्सल काळा असला तरी फिका पडतो. आमच्या घरात टीव्ही चालू असताना ट्यूब विझवण्याची प्रथा नाही. आई त्या वेळी गवार निवडते, सौ. कपड्यांच्या घड्या घालते आणि मी जेवतो. शहात्तर हजारांचा काळोख बघायचा म्हणून गवार अंधारात निवडायची, हे मला तरी आमटीच्या दृष्टीने धोक्याचे वाटले.

पण या सगळ्याहून मोठा मुद्दा वेगळाच आहे. दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी असतात. घरी एकच असतो. दुकानात आपण चित्र बघतच नाही, फरक बघतो, आणि फरक काही घरी आणता येत नाही. घरी आणल्यावर आठवड्याभरात दोन्ही टीव्ही सारखेच दिसू लागतात, कारण दुसरा तिथे नसतो. उलट महागडा टीव्ही इतर वस्तूंना नावे ठेवू लागतो. अठराव्या शतकात दिदेरो नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाला एक उंची झगा मिळाला. तो घालून बसल्यावर त्याला आपली खुर्ची जुनाट वाटू लागली, मग मेज, मग भिंतीवरची चित्रे. एकेक बदलता बदलता बिचारा हैराण झाला आणि जुन्या झग्याच्या आठवणीने त्याने निबंध लिहिला. आमच्याकडे चार फूट रुंदीचा पडदा लागला की मागच्या भिंतीचा रंग बोलू लागणार, मग सोफा, मग मी.

इतका भक्कम खटला तयार झाल्यावर मी तो घरी मांडला आणि शेवटी आमच्या घराण्याचे ब्रीदवाक्य उच्चारले: “आपल्याला काय, साधा चालतंय की!”

हे वाक्य मूळ आमच्या वडिलांचे. त्यांनी १९८६ साली ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ सालीच सुरू झाले होते. पण वडिलांच्या मते रंग ही टीव्ही कंपन्यांनी काढलेली खोड होती. चाळीतल्या शेजाऱ्यांकडे रंगीत आला, तेव्हा ते म्हणाले, “चालतंय की. बातम्या काय रंगात वेगळ्या सांगतात?” १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हाही म्हणाले, “चालतंय की. राम काय रंगात वेगळा आहे?” या वाक्याला उत्तर नाही. निदान मला सहाव्या वर्षी सुचले नव्हते.

आईला ते अडतिसाव्या वर्षी सुचले. म्हणजे सुचले होते तेव्हाच. बोलली ती आता, अडतीस वर्षांनी, गवार निवडता निवडता.

“आम्ही बायका बातम्या बघताना बाईंच्या साडीचा रंग ओळखायचो,” ती म्हणाली. “मी म्हणायचे मोरपंखी, समोरची म्हणायची चटणी रंग. कोणाचं खरं ते कळायचं नाही, म्हणून मजा यायची. मग एका रविवारी मी त्यांच्याकडे रामायण बघायला गेले. रंगीत. घरी आल्यावर आपल्या टीव्हीवर मला रंग ओळखताच येईना. नुसतं राखाडी दिसायला लागलं.”

“मग बाबांना सांगायचंस.”

“काय सांगायचं? ते समाधानी होते.” तिने एक शेंग मोडली. “तुझे बाबा समाधानी होते रे. मी नुसती गप्प होते.”

मी पुढचा मुद्दा मांडायचे रहित केले. मार्शल, दिदेरो आणि एका अंशाचा साठावा भाग या तिघांनाही या वाक्यासमोर उभे राहणे कठीण होते.

आपल्याकडे समाधान हा मोठा सद्गुण मानतात. आहेच. पण घरात एक माणूस समाधानी असतो तेव्हा त्याचे समाधान बाकीचे किती जण आपल्या खर्चाने चालवत असतात, हे कोणी तपासत नाही. स्वयंपाकघरात पंखा नसला तरी चालतो, कोणाला? जो स्वयंपाकघरात नसतो त्याला. मुलीला दूरच्या कॉलेजात नाही पाठवले तरी चालते, कोणाला? ज्याचे शिकून झालेले असते त्याला. जो चालत नाही त्याला सगळेच चालते. साधी राहणी हे व्रत ज्याने घेतले त्यानेच उपास काढला तर ते व्रत. घरच्यांना उपाशी ठेवले तर ती नुसती काटकसर, आणि तीही दुसऱ्याच्या खिशातून.

आमच्या बँकेत चेकवर दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी ओन्ली’ असे लिहितात. मग तो चेक ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात जमा होतो, दुसऱ्याला देता येत नाही. समाधानावरही तशाच दोन रेघा असायला हव्या होत्या. माणसाने स्वतःपुरते खुशाल समाधानी असावे. दुसऱ्याच्या वतीने समाधानी होण्याचा अधिकार त्याला नाही. आणि हाच नियम असमाधानालाही लागू आहे. विक्रेत्याने माझ्या वतीने असमाधानी का व्हावे? त्या काळ्याचा करडा झाल्याचे दुःख त्यालाच फार होते. मला तो सांगेपर्यंत नव्हते.

तेव्हा टीव्ही महाग की स्वस्त हा प्रश्न बाजूला ठेवून, घरात कोणाला नेमके काय कमी पडते, हे ज्याचे त्याला विचारायचे ठरले. वाचायला सोपे वाटते, पण आमच्या घराण्यात ही चौकशी पहिल्यांदाच होत होती. सौ. म्हणाली, “मला टीव्ही कुठलाही चालेल. मला रात्री नऊ ते साडेनऊ रिमोट हवा.” हा खर्च शून्य रुपयांचा असल्याने लगेच मंजूर झाला, अंमलबजावणी जड जात आहे. आईला आम्ही दुकानातच नेले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिची नजर लख्ख आहे. तिने दोन्ही पडदे नीट न्याहाळले आणि विक्रेत्याला म्हणाली, “बाळ, हा काळा फार छान आहे हो. पण यात माणसं काय बोलतात ते ऐकू येतं का?”

मुलगा गडबडला. दुकानात सगळे टीव्ही मुके ठेवलेले असतात. त्याने आवाज लावला, तेव्हा कळले की टीव्ही जितका बारीक होत गेला तितकी त्याची छातीही बारीक झाली. स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. आईला चार वर्षे मालिकेतली माणसे पुटपुटतात असे वाटत होते. ती बोलली नव्हती, इतकेच. शेवटी ४२,००० रुपयांचा टीव्ही आणि त्याच्याखाली ठेवायचा ९,००० रुपयांचा लांबट स्पीकर, असे एकूण ५१,००० रुपये ठरले.

प्रकरण मिटले असे वाटत असताना चिरंजीव बोलले. ते अकरावीत आहेत आणि त्यांना अवकाशातले सिनेमे खोलीत अंधार करून बघायचे असतात. “बाबा, मला तो काळाच हवा होता. मग माझ्या वतीने तुम्ही कसे काय समाधानी?”

प्रश्न बिनतोड होता. सिद्धांत मांडण्यात हाच धोका असतो; घरातली मुले तो ऐकतात. समाधान ज्याचे त्याचे असले तरी पैसा मात्र संयुक्त खात्यातला असतो, चौघांच्या इच्छा आणि पासबुक एक. त्याला गप्प करणे सोपे होते. ‘चालतंय की’ एवढे म्हटले की पुरे, हा आमच्याकडचा सिद्ध मंत्र. पण गवारीची शेंग मोडल्याचा आवाज अजून कानात होता.

तेव्हा उरलेल्या ६७,००० रुपयांची तीन वर्षांची ठेव केली आहे. इच्छेचीही अशी मुदत ठेव करता येते असे मला वाटते. तीन वर्षांनी ती जिवंत असली तर ती त्याची स्वतःची, नाहीतर दुकानदाराची होती असे समजायचे. जिवंत असली तर त्याने खुशाल काळोख विकत आणावा. मी सोफ्यावर बसून तो उजेडात बघेन.

मुदतीआधी ठेव मोडायची झाल्यास घरातल्या चौघांच्या सह्या लागतील, असा कागद मी तयार केला. आईने त्यावर आत्ताच सही करून ठेवली आहे. म्हणाली, “असू दे. घरात एकजण गप्प बसला तेवढं पुरे झालं.”