वाकावं, पण किती?

‘मोडेन पण वाकणार नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाने घरात लाइट फिटिंग करून घेतलेलं नसतं, अशी माझी आता खात्री झाली आहे. भिंत संपते तिथे छत सुरू होतं, आणि मधला कोपरा न वाकता ओलांडायची सोय विजेलासुद्धा नाही. आपल्याकडे मात्र या बाण्याला फार मान. तो शाळेच्या भिंतीवर असतो, स्नेहसंमेलनाच्या भाषणात असतो, आणि लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडच्या मामांच्या तोंडी असतो. पुढे मामा वाकतात, लग्न लागतं आणि मुलंबाळं सुखी होतात, ही गोष्ट निराळी.

वाकणं हा गुण की अवगुण, याचा मी एरवी विचार केला नसता. पण उजनीच्या काठावर आमच्या गावात घराचं वायरिंग नव्याने काढलं आणि विचार करायला भरपूर वेळ मिळाला. पाइप होता, वायर होती, मिस्त्री होते; नव्हते ते तयार बेंड. तालुक्याच्या दुकानात बेंड सोडून बाकी सगळं मिळालं. मी एल्बो आणतो म्हणालो, तर मिस्त्रींनी नाक मुरडलं.

“एल्बो म्हंजी काटकोन, गुरुजी. वायर आत जाऊन डोकं आपटती. वळण कसं, लांब पायजे.”

मग त्यांनी पाइप हाताने वाकवायला घेतला. याचं रीतसर हत्यार म्हणजे लांब स्प्रिंग. ती पाइपात घालायची, गुडघ्यावर पाइप हळूहळू दाबायचा, आणि बांधलेल्या दोरीने स्प्रिंग मागे ओढायची. मिस्त्रींची स्प्रिंग मागच्याच कामावर एका पाइपात अडकली होती आणि तो पाइप आता स्लॅबमध्ये होता. पण आमच्याकडे हत्याराविना कोणाचं अडत नाही. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे बंबातलं कढत पाणी त्याला पुरतं. कोणी उसाच्या पाचटाचा जाळ करून त्याच्यावर हातभर उंच पाइप फिरवत धरतो. कोणी ट्रॅक्टर चालू करून त्याच्या धुराड्याच्या उष्णतेवर काम भागवतो. जाळ मात्र पाइपाला शिवू द्यायचा नाही. पाइप काळा पडतो, आणि जळला तर त्यातून आम्लाचा धूर निघतो. तो घशात गेला की माणूस स्वतःच वाकून खोकत बसतो.

खरी मेख पुढे आहे. पाइप नुसता तापवून वाकवला तर तो वळणावर पिचकतो. म्हणून मिस्त्री त्यात आधी भीमेची वाळू ठासून भरतात आणि दोन्ही तोंडांना चिंधीचे बोळे बसवतात. वाळू कोरडी हवी. ओली असली तर आत वाफ कोंडते आणि बोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. वाळू आत असली की पाइप वाकतो, पण त्याची पोकळी तेवढीच राहते.

हे बघितलं आणि मला एकदम अर्धं तत्त्वज्ञान कळल्यासारखं झालं. माणूस वाकला म्हणून बिघडत नाही, पिचकला की बिघडतं. बाहेरून दोघेही सारखेच वाकडे दिसतात. फरक ओळखायची परीक्षा एकच: आतून वायर जाते का? एखादा कारकून सहा साहेबांना सहा प्रकारचे नमस्कार घालतो, पण खोट्या नोंदीवर सही करत नाही. त्याची वायर गेली. दुसरा कोणालाच नमस्कार घालत नाही, मान कशी ताठ, पण एका पाकिटापाशी असा चपटा होतो की पुढे त्याच्यातून दोरासुद्धा जात नाही.

उरलेलं अर्धं तत्त्वज्ञान मिस्त्रींनी पाइप उलटा करून दाखवलं. भळभळा सगळी वाळू अंगणात पडली. काम झालं की ती काढायचीच असते. काही थोर माणसं जन्मभर तत्त्वांची वाळू ठासून भरलेली असतात. ती कधी पिचकत नाहीत, हे कबूल. पण त्यांच्या घरात उजेडही पडत नाही, कारण वायर जायला जागाच नसते.

आणखी एक पथ्य आहे. वाकवलेला पाइप गार होईपर्यंत हातात धरून बसावं लागतं, वरून ओलं फडकं फिरवावं लागतं. घाईने सोडला की तो पुन्हा सरळ व्हायला बघतो. एकदा वळलेला पाइप पुढे कधी तापला तरी त्याला आपला जुना सरळपणा आठवतो. प्लास्टिकला एवढी स्मरणशक्ती देऊन देवाने आम्हा म्हाताऱ्यांना चष्मा शोधत का ठेवावं, कोण जाणे!

बरं, वाकायचं तरी किती? याचं उत्तर अमेरिकेच्या विद्युत नियमावलीत आहे. पाइपातून वायर ओढायच्या दोन जागांच्या मध्ये सगळी वळणं मिळून ३६० अंशांपेक्षा जास्त भरता कामा नयेत. म्हणजे काटकोनी वळणं चार. त्यापुढे मध्ये एक पेटी बसवायची, जिचं झाकण उघडता येतं. माणसालाही हाच नियम लावावा. सासरी, कचेरीत, सोसायटीच्या सभेत चार वेळा वाकून झालं की झाकण उघडून मोकळं होता येईल असं एखादं माणूस मध्ये हवं. ज्यांना ते मिळत नाही, त्यांच्या आत वायर तटतटून तुटते.

आमच्या भागात हे सगळं गंमतीवर सोडून देता येत नाही. धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमाकाठची गावंच्या गावं वाकली. करमाळा तालुक्यातल्या वांगीला आता नंबर आहेत. पाहुण्याला पत्ता सांगताना वांगी किती नंबरची ते सांगावं लागतं. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, ते पाणी फार उतरलं की डोकं वर काढतं. धरणात पाणी मावतं ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास ‘मृत साठा’. पातळी त्याच्या खाली गेली की टक्केवारी वजा होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा पन्नासच्याही खाली गेली होती. तेव्हा शेतकरी मोटार, पाइप आणि केबल घेऊन पाण्याच्या मागे चिखल तुडवत उतरतो. एका पाइपाचं तोंड पाचटावर तापवायचं, दुसरा त्यात घुसवायचा, की झाला सांधा. मेलेल्या साठ्यावर इथला जिवंत ऊस उभा असतो.

मिस्त्रींचं जुनं घर त्या पाण्याखाली आहे. चहा पिताना सहज बोलले, “म्हातारा दर उन्हाळ्यात काठावर जाऊन बसायचा. पानी उतरलं की आमच्या हिरीचं तोंड दिसायचं. तेवढं बघून माघारी यायचा.”

“रागवायचे का हो?”

“कुनावर, गुरुजी? पान्यावर? त्येच पानी उसाला लागतंय की.”

त्यांनी कप धुऊन पालथा घातला आणि पुढचा पाइप उचलला. मला मात्र पुढे सुचेना. लोकहितासाठी थोडं वाकावं लागतं, हे मी वर्गात चाळीस पोरांना शिकवलेलं आहे. ते खरंच आहे. सोलापूर पाणी पितं ते उगाच नाही. पण पाइपाला स्वतःच्या पोटात स्वतः वाळू भरता येत नाही. ती वाकवणाऱ्याने भरायची असते, आणि गार होईपर्यंत हात त्यानेच धरायचा असतो. ‘जरा समजून घ्या’ असं दुसऱ्याला सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली मनातल्या मनात विचारतो, वाळू आणली आहे का? बहुतेक जण नुसता जाळ घेऊन आलेले असतात.

वाकण्याबद्दल तक्रार नाही. आमची भीमासुद्धा पुढे पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वाकते, म्हणून तर तिथे ती चंद्रभागा होते. पण वाकली तरी वाहते.

मिस्त्रींच्या सगळ्या वळणांतून वायर सुरळीत गेली. आता बटण दाबलं की दिवा लागतो. कधी नाहीच लागला, तर तो दोष वळणांचा नव्हे. वरूनच वीज नसते.